पॅकहॉर्सची पडदी

३ मार्च, मंगळवार

आई गावभर सांगत सुटलीय की बार्नी 'जरा सुट्टीवर' आलाय. सुट्टी कसली डोंबलाची! बर्मिंगहॅमच्या त्या आर्किटेक्चर कॉलेजात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. भर वर्गात मास्तरांनी माझा नकाशा दोन बोटांत धरला, जसा काही मेलेला उंदीर, आणि म्हणाले, "प्रीस, ही इमारत आहे की प्रेमपत्र?" सगळे हसले. ज्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो, ज्याला माझे मोजे घालायला दिले, तोसुद्धा हसला. कागद टराटरा फाडला आणि तडक स्टेशन गाठलं. आपलं म्हणावं ते माणूस ऐन वेळी तोंड फिरवतं, हे तिथे शिकलो. बाकी काही शिकलो नाही.

संध्याकाळी गावातल्या पॅकहॉर्स पबमध्ये गेलो. बारमागे ब्रायोनी होती. केस कापलेत तिने. मान दिसते आता. मला वाटलं होतं दोन वर्षांत ते सगळं विरून गेलं असेल. कसलं विरतंय.

"आलास का परत?" ती म्हणाली. "काढलं की पळालास?"

"सोडलं."

"तेच ते. बिअरचा पाइंट घेणार का अर्धाच?"

तिचे वडील, डेरेक ग्विलिम, गुडघा धरत तळघरातून वर आले. "अरे वा, आर्किटेक्टसाहेब! बरं झालं आलात. ते बघा, तुमच्या धंद्यातलं काम." छत गळतंय. डार्टच्या फळ्यामागचा वॉलपेपर फुगून लोंबतोय. मी ऐटीत उठलो, बोटाने दाबून बघितलं, तर बोट भसकन आत. मागचं हार्डबोर्ड कुजून लगदा झालेलं. आणि त्याच्या मागे माझ्या बोटाला काहीतरी टणक, थंड, गुळगुळीत लागलं. ओकचं लाकूड! अजून बोटाला तो स्पर्श आहे.

५ मार्च, गुरुवार

डेरेकना पटवून हातभर हार्डबोर्ड काढलं. मागे ओकच्या फळ्यांची पडदी आहे. एक जाड उभा दांडा, त्याच्या दोन्ही अंगांना खाच, खाचेत बसवलेली रुंद फळी, मग पुन्हा दांडा. भिंत ठोकून बघितली, तर बारपासून आतल्या बैठकीच्या खोलीच्या दारापर्यंत सलग. एक खिळा नाही. शतकांच्या चुलीच्या धुराने कोळशासारखी काळी पडलीय. दांड्यांच्या कडा सुताराने तासून तिरप्या करून खाली चिमणीच्या चोचीसारख्या थांबवल्यात. हे ट्यूडर राजांच्याही आधीचं, पाचशेहून जास्त वर्षांपूर्वीचं काम. मी चक्क गुडघ्यांवर बसलो.

कोपऱ्यातल्या प्रोबर्टबाई आपला अर्धा पाइंट सायडर, सफरचंदाची दारू, घेऊन बघत होत्या. नवरा गेल्यापासून रोज त्याच बाकावर, त्याच भिंतीला पाठ लावून बसतात.

"काय सापडलं रे लेकरा, खजिना?"

"खजिनाच. तुम्ही इतकी वर्षं त्याला टेकून बसलात, बाई."

"हॅरॉल्डपण टेकायचा. त्याच्या डोक्याच्या तेलाचा डाग निघाला का बघ."

ब्रायोनी खळखळून हसली. मग माझ्या शेजारी उकिडवी बसली आणि फळीवरून हात फिरवला. तिच्या कोपराला माझा कोपर लागला. तिने काढून घेतला नाही.

९ मार्च, सोमवार

आज तिला सगळं समजावून सांगितलं. बाहेरच्या विटा व्हिक्टोरियाच्या काळातल्या. छप्पर त्याहून नवं. खिडक्या तर डेरेकनीच प्लास्टिकच्या बसवल्या (हे मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हटलं). जुनं घर पाडत-बांधत गेले, पण मधली ही पडदी कुणी हलवली नाही. कुणीतरी कधीतरी झाकून टाकली आणि विसरले.

"म्हणजे ही नसती तर?" तिने विचारलं.

"तर ही रस्त्याकडेची एक साधी विटांची इमारत. सरकारच्या वारसा खात्याचा माणूस गाडीतूनही उतरणार नाही."

"आणि आहे म्हणून?"

"म्हणून संरक्षित यादीत नाव लागेल. मग कुणाची टाप नाही हिला हात लावायची!"

"सगळं या एका पडदीवर?"

"सगळं."

माझं प्रत्येक वाक्य ती इतकं मन लावून ऐकत होती. कॉलेजात एकाने तरी असं ऐकलं असतं!

डेरेकही ऐकायला थांबले. "यादीत लागलं म्हणजे नेमकं काय होतं रे?" मी सांगितलं: परवानगीशिवाय खिळा ठोकता येत नाही, भिंत पाडता येत नाही, उद्या कुणाला पब बंद करून राहायचं घर करायचं म्हटलं तर दहा दारं झिजवावी लागतील. "वा," डेरेक म्हणाले. पुसून झालेला ग्लास ते पुन्हा पुसत होते. त्यांना भरून आलं असावं. बारमध्ये आम्ही तिघे आणि प्रोबर्टबाई, एवढेच होतो. सोमवारी कोण येतं म्हणा.

घरी आल्यावर राहवेना. ब्रायोनी म्हणाली होती, आधी तुझे पडदीचे नकाशे पुरे कर, मग बघू. पण मला तिला चकित करायचंय. खात्याला पत्र लिहून टाकलं. फोटो जोडले नाहीत, वर्णनही केलं नाही. लिहिलं, 'जे आहे ते फोटोत मावणार नाही. या आणि डोळ्यांनी बघा.' जरा बरं वाटलं.

१४ मार्च, शनिवार

लायल नावाचा एक इसम. पांढरी व्हॅन, महागडे बूट, दात दाखवत हसणं. ब्रायोनी त्याला पडदीजवळ घेऊन गेली. माझ्या पडदीजवळ! घोड्याच्या बाजारात दलाल घोड्याचं तोंड उघडून बघतो ना, तसा तो बघत होता. टेप लावून मोजलं. बोटाच्या पेराने टकटक केली. मग तिच्या कानाशी काहीतरी बोलला आणि ती हसली नाही, पण मान डोलावली. हसली असती तर एक वेळ चाललं असतं.

"कोण हा?"

"पप्पांच्या ओळखीचा. जुन्या लाकडातलं कळतं त्याला."

"मला नाही कळत?"

"असं कुठे म्हटलं मी?"

"तुझ्या कानात काय सांगत होता?"

"बार्नी, ओरडू नकोस. तू माझा कोण लागतोस?"

बाहेर येऊन त्याच्या व्हॅनच्या चाकाला लाथ मारली. अंगठा सुजलाय. सगळा गाव त्या माणसाला डोक्यावर घेईल, बघा. व्हॅन आहे ना त्याच्याकडे.

१५ मार्च, रविवार

तीच आली. आमच्या मागच्या दाराशी, माझ्यासाठी बर्फाची पिशवी घेऊन. "मूर्ख आहेस तू," म्हणाली. मग पाय बघितला. "लायलचं डोक्यातून काढून टाक. मला त्याच्यात काडीचा रस नाही." हे तिने माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. खोटं बोलणारा माणूस असा बघत नाही.

नकाशे मागत होती. ठेवायला. सगळे दिले. प्रती काढल्या नाहीत. ज्याचे त्याच्याकडे असावेत.

२४ मार्च, मंगळवार

खात्याचं उत्तर आलं! ईस्टरनंतरच्या गुरुवारी मिस ट्रेंथम नावाच्या बाई बघायला येणार. धावत पबमध्ये गेलो. ब्रायोनी बिअरच्या पिंपाच्या नळ्या धूत होती.

"अर्ज केला मी! येतायत त्या!"

ती पांढरीफटक पडली. नळी हातातून सुटून पाणी सगळीकडे.

"तुला मी थांब म्हटलं होतं."

"तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे. "कधी येणार म्हणालास?"

आनंदाने माणूस असा गांगरतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. डेरेकना सांगितल्यावर ते पायरीवर खालीच बसले. गुडघा फारच दुखतो त्यांचा.

२९ मार्च, रविवार

काय लिहू? आज तिने माझं चुंबन घेतलं. पबच्या परसातल्या सायडरच्या कोठारामागे. मी नाही, तिने.

आधी बोलणं झालं ते असं. वरचं छत गळतंच आहे, पडदीच्या पायथ्याला ओल चढलीय. बाई येईपर्यंत फळ्या फुगून चिरल्या तर? काढून कोठारात कोरड्या जागी ठेवू, छत दुरुस्त करू, बाई यायच्या आदल्या दिवशी पुन्हा बसवू. मी म्हटलं, जागची काढणं बरं नव्हे. ती म्हणाली, "भिजलेली दाखवणं बरं का? आणि तुझ्याशिवाय कुणाला जमणार आहे हे? पप्पांनी हातोडा घातला तर तुकडे होतील."

खरंच होतील. डेरेकच्या हातात हातोडा म्हणजे माकडाच्या हाती कोलीत.

मग ते.

३१ मार्च, मंगळवार

दुपारपर्यंत पब बंद ठेवला आणि पडदी उतरवली. माझ्या हातांनी.

सांधे धरून ठेवणाऱ्या ओकच्या खुंट्या एका टोकाला निमुळत्या असतात. निमुळत्या बाजूने ठोकलं तर अलगद निघतात, उलट्या बाजूने ठोकलं की दांडा फुटतो. डेरेकनी पहिलीलाच उलट्या बाजूने हातोडा उगारला होता, मी ओरडलो तेव्हा थांबले. मग सगळ्या मीच काढल्या. मोगरीचा हलका ठोका, थांबायचं, कान द्यायचा, पुन्हा ठोका. एकही खुंटी मोडली नाही. एकही! त्या मास्तरांनी बघायला हवं होतं.

सांध्यांवर सुताराच्या खुणा निघाल्या. पटाशीने कोरलेल्या रेघांचे आकडे. कुठली फळी कुठल्या दांड्याला, सगळं त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय.

"म्हणजे ही कुणालाही पुन्हा जोडता येईल?" ब्रायोनीने विचारलं.

"ज्याला आकडे कळतात त्याला. कुठेही."

एका दांड्यावर अश्रूंच्या आकाराचे जळके डाग होते. तिने त्यात बोट घातलं. "मेणबत्ती पडली असेल?"

"छे, मुद्दाम जाळलंय. घराला आग लागू नये म्हणून तेव्हाचे लोक असे डाग पाडायचे."

"थोडंसं आपणच जाळायचं," ती म्हणाली, "म्हणजे बाकीचं वाचतं." आणि बराच वेळ बोट तिथेच ठेवून उभी राहिली.

असं बोलते ती कधी कधी. म्हणून तर.

५ एप्रिल, ईस्टर

कोकराचं मटण, पुदिन्याची चटणी आणि आईची कटकट. "ग्विलिम मंडळी पब विकतायत म्हणे. घर करणार आहे घेणारा." मी सुरी आपटली. म्हटलं, तुला काय कळतं, मी रोज त्यांच्यात असतो, मला माहीत नसतं का? आई म्हणाली, "पोस्टातल्या बाई सांगत होत्या." पोस्टातल्या बाई!

६ एप्रिल, सोमवार

कोठार रिकामं आहे.

पुन्हा जाऊन बघून आलो. रिकामंच आहे. चिखलात व्हॅनच्या चाकांच्या खुणा.

तोच सोमवार, नंतर

आता लिहितो.

स्वयंपाकघरात गाठलं तिला. बटाटे सोलत होती. सोलतच राहिली.

"कुठेय?"

"लायलकडे. त्याच्या गोदामात. लंडनकडे कुणीतरी नवं रेस्तराँ बांधतंय, तिथे बसवणार."

"विकलीत तुम्ही?"

"विकली."

"माझ्याकडून काढून घेतलीत! माझ्या हातांनी!"

"तूच म्हणालास कुणाला जमणार नाही."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. कप फोडला, एवढं आठवतंय. डेरेक दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले. आधी तो मास्तर, मग तो मोजेचोर, आता ही. माझ्यावर प्रेम असल्यासारखं दाखवून गळ्यावर सुरी!

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पबला घेणारा सापडायला तीन वर्षं गेली, बार्नी. यादीत नाव लागलं तर पाऊल मागे घेतो म्हणाला. पप्पांना तळघराच्या पायऱ्या उतरवत नाहीत. त्या पायऱ्या मी उतरते. शाळा संपली त्या उन्हाळ्यापासून मीच उतरतेय."

"मग मला सांगायचंस!"

"तू कधी विचारलंस? लाकूड किती शतकांचं ते तुला बोट लावून कळतं. माझा वाढदिवस कधी असतो?"

असला कसला प्रश्न! विषय काय, ही बोलतेय काय. मला माहीत आहे. जूनमध्ये. किंवा जुलैत. उन्हाळ्यात आहे एवढं नक्की.

"आणि ते कोठारामागचं?" मी विचारलं.

तिने सुरी खाली ठेवली. "ते मागू नकोस," म्हणाली. म्हणजे काय? म्हणजे तेही खोटंच होतं, दुसरं काय!

७ एप्रिल, मंगळवार

प्रोबर्टबाईंच्या घरी गेलो. सगळं ओकलो. त्यांनी चहा ठेवला, बिस्किटं काढली.

"मी गुरुवारी त्या मिस ट्रेंथमसमोर सगळ्यांची अब्रू काढणार आहे!"

"अब्रू काढू नकोस," बाई म्हणाल्या. "ओरडणाऱ्या पोराचं कुणी ऐकत नाही. नीट सांग. पडदी होती, ती मी काढली, ती आता अमक्याकडे आहे. तीन वाक्यं. येतात ना तीन वाक्यं?"

"येतात."

"मला दुसरीकडे जायला जागा नाही रे. घरात बोलायला एक मांजर. तो पब बंद झाला तर मी मंगळवार कुठे काढू? डेरेकचंही खरं आहे, पण त्याला माझं सांगणारं कोण आहे? तू सांगशील ना?"

"शपथ घेतो."

"शपथ नको. बिस्किट घे."

९ एप्रिल, गुरुवार

मिस ट्रेंथम आल्या. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, गळ्यात टॉर्च. बार पाहिला, प्लास्टिकच्या खिडक्या बघून नुसता श्वास सोडला. मग मधोमध थांबल्या. जिथे पडदी होती तिथे आता मोकळं होतं. छताच्या तुळईवर टॉर्च मारला. तुळईच्या पोटात लांबच लांब खाच.

"इथे काहीतरी होतं."

"वडिलांच्या काळात काढून टाकलं," डेरेक म्हणाले. सराईतपणे म्हणाले नाहीत. घसा खाकरून म्हणाले.

बाईंनी खुर्ची ओढली, वर चढल्या, खाचेत बोटं घातली, खुंट्यांच्या भोकांवरून अंगठा फिरवला. "कुठे एक ढलपी निघालेली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "काय सुंदर काढलंय. ज्याने काढलं त्याला लाकडाची भाषा येत होती."

माझ्या आयुष्यात माझ्या कामाची कुणी अशी स्तुती केली नाही. कान तापले.

त्या उतरल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मिस्टर प्रीस ना? तुम्ही लिहिलं होतं, जे आहे ते फोटोत मावणार नाही. काय होतं ते? हे बघा, आत्ता कायद्याने कुणाचा गुन्हा नाही. पण पडदी असेल, अलीकडेच निघाली असेल आणि माल कुठे आहे ते कळलं, तर मी अजून हालचाल करू शकते. आज नाही कळलं तर मला हे प्रकरण बंद करावं लागेल."

तीन वाक्यं. पाठ होती. कोपऱ्यात प्रोबर्टबाई बसल्या होत्या, आता पाठीमागे भिंत नाही म्हणून कोट खांद्यावर घेऊन. त्यांनी मला मान डोलावून खूण केली.

आणि बारमागच्या ब्रायोनीने वर पाहिलं. सोमवारपासून पहिल्यांदा. विनवणी नव्हती त्यात, रागही नव्हता. नुसतं पाहिलं. मानेवर एक शीर उडत होती.

"काही नव्हतं," मी म्हणालो. "ती खाच बघून मीच कल्पना रंगवली. कॉलेज सोडलंय मी. जरा... वाहवत जातो."

मिस ट्रेंथम माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पेनला टोपण लावलं.

हे मी तिच्यासाठी केलं. तिला कळलं असेल. कळलंच असेल.

१२ एप्रिल, रविवार

ब्रायोनी गेली. ब्रिस्टलला. नर्सिंगचा कोर्स मिळालाय, सप्टेंबरपासून, तोवर तिथे मावशीकडे राहून काम करणार. हे डेरेककडून कळलं. किती दिवसांपासून ठरलं होतं म्हणे. दुपारी तिचा निरोप आला: 'थँक यू, बार्नी. खरंच.'

'खरंच' कशाला लिहिलं असेल? नुसतं थँक यू लिहून चाललं असतं. उत्तरात पत्ता विचारलाय. अजून आलेलं नाही. प्रवासात असेल. पोचल्यावर सामान लावायचं असतं.

लायलच्या गोदामावर जायचं मनात आलं होतं. गेलो नाही. जाऊन काय सांगणार? मी सही केल्यासारखंच आहे.

१४ एप्रिल, मंगळवार

पब महिनाअखेरीला बंद होणार हे आता सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणून आज गर्दी. वर्षानुवर्षं सुपरमार्केटातले बिअरचे डबे घरी नेऊन पिणारेसुद्धा आले आणि 'काय हे, आपला पब' म्हणत उसासे टाकत होते. ढोंगी कुठले. एकाने मला विचारलं, "तूच ना तो, ती पडदीची अफवा उठवणारा?" आणि सगळे हसले.

मला वाटलं, निदान सगळ्यांना माझ्या पैशाने एक फेरी पाजावी. डेरेकनी ओतायला घेतलं. मी स्वतः अर्धा पाइंट सायडर घेऊन कोपऱ्यात गेलो. प्रोबर्टबाई रिकामा ग्लास पुढे ठेवून बसल्या होत्या.

"हा तुमचा, बाई."

त्यांनी ग्लासकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

"नको."

"फेरी आहे, बाई. सगळ्यांची."

"कळलं. माझं मी घेते."

आजूबाजूचं बोलणं एकदम थांबलं. आमच्या गावात पबमध्ये भांडणं होतात, दातही पडतात, पण दुसऱ्या दिवशी एकमेकांचा पाइंट घेतात. पाजलेलं नाकारलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

"बाई, मी तुम्हाला सांगतो ना, काय झालं ते—"

"सांगायचं होतं तिथे सांगितलं नाहीस," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आता मला कशाला?"

कोट सावरत त्या उठल्या, काउंटरपाशी गेल्या, पर्स उघडली. डेरेकनी त्यांच्यासाठी दुसरा ग्लास भरला. पैसे नको म्हणाले, तर बाईंनी नाणी एकेक करून काउंटरवर ठेवली आणि परत येऊन बसल्या. पलीकडच्या बाकावर.

मी आणलेला ग्लास मधल्या टेबलावर तसाच राहिला. त्याला कुणी हात लावला नाही. मीही नाही. आवरताना डेरेकनी तो उचलला, मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला.